पारंपरिक धनुष्याच्या दोरीला कोणते सायलेन्सर लावावेत?

रानवाट (मिशिगन):
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ६२ इंची टेकडाऊन (भाग सुटे करता येणारे) रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य आहे. २८ इंच ओढीला ते ४५ पौंड भरते, दोरी चौदा पदरी डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) आहे आणि मी ३४० ग्रेन (म्हणजे सुमारे २२ ग्रॅम) वजनाचे कार्बन बाण वापरते. बाण सुटताना दोरीचा मोठा टणत्कार होतो आणि त्यानंतरही क्षणभर गुणगुण ऐकू येत राहते. इथे १ ऑक्टोबरपासून धनुष्याने हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. माझ्याकडे परवाना आहे आणि जखमी होऊन पळालेले जनावर मला मागे सोडायचे नाही, म्हणून हा आवाज मी गांभीर्याने घेते आहे. दुकानात दोरीचा आवाज शमवणाऱ्या सायलेन्सरचे रबरी झुबके, लोकरीचे गोंडे आणि बीव्हर या पाणथळ प्राण्याच्या फरच्या पट्ट्या असे तीन प्रकार दिसले. त्यांतले कोणते निवडावेत आणि दोरीवर नेमके कुठे लावावेत? सध्या ब्रेस हाइट ७ इंच आहे.

शरसंधान:
रानवाटताई, सायलेन्सर घेण्याआधी धनुष्य आणि बाण यांचा मेळ तपासा, कारण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बराचसा आवाज तिथेच निर्माण होत असावा. ४५ पौंडांना ३४० ग्रेनचा बाण म्हणजे पौंडामागे साडेसात ग्रेन झाले. रिकर्व्हवरून शिकारीसाठी पौंडामागे ९ ते १० ग्रेन, म्हणजे तुमच्या बाबतीत ४०५ ते ४५० ग्रेनचा बाण असावा असे मी आग्रहाने सांगेन. बाण जितका हलका, तितकी लिम्बमध्ये (धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूंत) साठलेली शक्ती तो कमी उचलतो, आणि जी शक्ती बाणाबरोबर जात नाही ती लिम्ब व दोरी यांच्या कंपनात उरते. तुम्हाला ऐकू येणारी गुणगुण ती हीच. वजन वाढवताना मात्र सगळा भार टोकाशी टाकू नका, कारण त्यामुळे बाणाची कांडी सुटताना जास्त वाकते आणि स्पाइन (कांडीचा ताठपणा) नव्याने जुळवावा लागतो.

दुसरी गोष्ट ब्रेस हाइटची. मुठीच्या सर्वांत खोल बिंदूपासून दोरीपर्यंतचे हे अंतर ६२ इंची रिकर्व्हला बहुधा साडेसात ते सव्वाआठ इंचांच्या दरम्यान ठेवतात, तरी तुमच्या धनुष्याच्या निर्मात्याने दिलेली मर्यादाच प्रमाण मानावी. दोरी उतरवून तिला थोडा पीळ वाढवला की ती आखडते आणि ब्रेस हाइट वाढते. एका वेळी इंचाचा आठवा भाग एवढाच फरक करा, काही बाण सोडा आणि ऐका. एका ठिकाणी टणत्कार जाऊन आवाज बसका होतो. ती जागा सापडली की अंतर लिहून ठेवा. दोरी आपल्या कानाजवळ असल्यामुळे धनुर्धराला स्वतःला आवाजाचा अंदाज नीट येत नाही, म्हणून फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो निशाण्याच्या बाजूला, बाणाच्या वाटेपासून दूर, जाड झाडाच्या आड ठेवावा.

रिकर्व्हची दोरी सुटल्यावर लिम्बच्या टोकांकडच्या खाचेवर आपटते आणि तो फटका कोणताही सायलेन्सर पुरता थांबवू शकत नाही. दोरी जिथे टेकते तिथे पातळ फेल्टची पट्टी चिकटवा. एवढे करून उरलेला आवाज सायलेन्सरचा.

चौदापदरी:
वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत. साहित्याबद्दल माझे मत असे आहे की तुमच्या भागातल्या पावसाळी, थंड हंगामासाठी बीव्हरची फर सर्वांत योग्य ठरेल. ती पाणी झटकते, वजनाने हलकी असते आणि वर्षानुवर्षे टिकते. दोरीचे पदर निम्मे-निम्मे वेगळे करून पट्टीचे एक टोक त्यांत अडकवावे, पट्टी दोरीभोवती मळसूत्रासारखी गुंडाळत न्यावी आणि दुसरे टोक पुन्हा पदरांत खोवावे. गुंडाळताना केस पट्टीखाली दबले तर फर फुलत नाही, म्हणून प्रत्येक वेढ्याला ते बोटाने बाहेर काढत जावे. रबरी झुबके स्वस्त आहेत आणि पाण्याने बिघडत नाहीत, पण उन्हाने ते चिरतात आणि कडाक्याच्या थंडीत ताठर होतात. गवताचे काटेरी बी फर आणि लोकर या दोघांनाही चिकटते, ते वेचत राहावे लागते.

लहरलांबी:
जागेचा प्रश्न मला साहित्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. दोरी एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते: संपूर्ण लांबीत, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत. ज्या कंपनाचा स्थिर बिंदू सायलेन्सरच्या जागी येतो ते कंपन तो सायलेन्सर शमवू शकत नाही. टोकापासून एक चतुर्थांशावर लावलेला गोंडा दोन भागांतले कंपन उत्तम मारतो, पण चार भागांतले तसेच सोडतो. एक तृतीयांशावरचा तीन भागांतले सोडतो. म्हणून दोन्ही गोंडे समान अंतरावर न लावता एक चतुर्थांशावर आणि दुसरा तृतीयांशावर लावण्याची पद्धत आहे, म्हणजे एकाने सोडलेले कंपन दुसरा पकडतो. रिकर्व्हमध्ये दोरीची टोके लिम्बवर टेकलेली असल्यामुळे हे हिशेब ढोबळ आहेत. ते सुरुवातीला घ्यावेत आणि मग अर्धा-अर्धा इंच सरकवून कानाने ठरवावे.

मध्याच्या जितके जवळ वजन लावाल, तितका बाणाचा वेग घटतो. वेग घटला की तोच बाण किंचित ताठ असल्यासारखा वागतो, त्यामुळे सायलेन्सर लावल्यानंतर बिनपिसांचा बाण सोडून जुळणी पुन्हा तपासावी.

रानवाट:
सर्वांची आभारी आहे. उन्हाळ्यात मी थ्रीडी (प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम धरण्याच्या) स्पर्धाही खेळते. तृतीयांशाची जागा तिथे चालेल का? आणि आवाज पुरेसा कमी झाला तर २५ यार्डांवरून बाण सोडणे योग्य ठरेल का?

लहरलांबी:
वर्ल्ड आर्चरी या आंतरराष्ट्रीय धनुर्विद्या संघटनेच्या नियमांनुसार खेळत असाल तर चालणार नाही. सायलेन्सर नॉकिंग पॉइंटपासून (दोरीवर बाण अडकवण्याच्या जागेपासून) ३० सेंटिमीटरच्या आत असता कामा नये. तुमची दोरी साधारण ५८ इंचांची, म्हणजे १४७ सेंटिमीटरची असेल. तृतीयांशावरचा गोंडा तिच्या मध्यापासून जेमतेम साडेचोवीस सेंटिमीटरवर येतो. चतुर्थांशावरचा सुमारे ३७ सेंटिमीटरवर, म्हणून तो बसतो. दुसऱ्यासाठी एक पंचमांश घ्या: तीन आणि चार भागांतली दोन्ही कंपने तिथे पकडली जातात. फक्त तो लिम्बला घासत नाही ना, हे पाहा.

शरसंधान:
२५ यार्डांबद्दल मी स्पष्टपणे नाही म्हणेन. २० यार्डांवर आवाज हरणापर्यंत सेकंदाच्या विसाव्या भागात पोहोचतो, तर सेकंदाला १७० फूट जाणाऱ्या बाणाला तेवढ्याच अंतराला सुमारे ०.३५ सेकंद लागतात. उरलेल्या ०.३ सेकंदात सावध व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचे हरीण) उडी घेण्यासाठी खाली दबते आणि बाण पाठीवरून जातो किंवा मणक्याशी लागतो. सायलेन्सरमुळे बाण वेगवान होत नाही, उलट किंचित मंदावतो. त्याचा उपयोग निवांत चरणारे जनावर दचकू नये एवढाच, म्हणून १५ यार्डांच्या आत, मान खाली असलेल्या हरणावरच बाण सोडावा.

माणदेश:
भारतात वाचणाऱ्यांसाठी थोडी भर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच नाही, पण निशाण्यावर सराव करताना शांत दोरी हातालाही सुखावते. बीव्हरची फर शोधत बसण्याची गरज नाही, लोकर पुरते. बाजारात विणकामाची लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अॅक्रिलिक असतो. एक तुकडा जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरडते, अॅक्रिलिक वितळून त्याची कडक गुठळी होते. दख्खनी मेंढीची घोंगडीची लोकर खरखरीत असल्यामुळे गोंडा लवकर चपटा होत नाही. तीन-तीन इंचांचे धागे जुळवून मधोमध दोऱ्याने घट्ट बांधावेत, पदरांत घालून कात्रीने गोल करावेत. दोरीला मेण लावताना गोंड्याला लागू देऊ नये. लोकर पाणी धरते, तेव्हा पावसात भिजलेला गोंडा पिळून, वाळवूनच पुन्हा बाण सोडावेत, नाहीतर जड झालेल्या दोरीमुळे बाण खाली पडू लागतात आणि आपण उगाच नेम बदलत बसतो.