प्रवासासाठी केबल-चार्जरचा पाऊच: मोठा की छोटा, मऊ की कडक?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. आठवड्यातून एकदा नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबई आणि महिना-दीड महिन्यातून एकदा ओझरहून विमान, असा प्रवास आहे. सॅकमध्ये केबल्सचा गुंता होतो, म्हणून एक पाऊच घ्यायचा आहे.

सामान असं: लॅपटॉपचा ६५ वॉटचा गोल पिनवाला अ‍ॅडॉप्टर आणि त्याची भिंतीपर्यंतची जाड वायर, फोनचा ३३ वॉटचा चार्जर, टाइप-सी केबल्स तीन, एक जुनी मायक्रो यूएसबी, २०,००० एमएएचची पॉवर बँक, अडीच इंची हार्ड डिस्क, माउस, दीड मीटरची एचडीएमआय केबल, वायरचे इअरफोन, दोन पेनड्राइव्ह.

ऑनलाइन बघितलं तर तीनशेपासून पाच हजारांपर्यंत सगळं आहे आणि फोटोत सगळे सारखेच दिसतात. बजेट हजार-बाराशे. आकार कोणता घ्यावा? कडक खोक्यासारखा बरा की मऊ? पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

अंबड_सर्किट

पाऊच शेवटी घ्या. आधी सामान कमी करा, मग मोजा, मग दुकानात जा. बहुतेक लोक उलट करतात आणि मग अ‍ॅडॉप्टर बाहेरच राहतो.

मायक्रो यूएसबी केबल नेमकी कशाला लागते ते बघा. एखाद्याच जुन्या उपकरणासाठी असेल तर टाइप-सीला लावायचं नखाएवढं कनेक्टर मिळतं, ते पेनड्राइव्हच्या कप्प्यात मावतं. तीन टाइप-सीपैकी एक घरी ठेवा. एचडीएमआय दर फेरीला लागत नसेल तर तीही घरी. दीड मीटरची एचडीएमआय केबल जाड आणि ताठ असते, एकटी अर्धा पाऊच खाते.

आता अ‍ॅडॉप्टर. त्याचं बरंचसं वजन आणि जागा भिंतीकडच्या वायरमध्ये जाते. ठोकळ्याच्या बाजूला तीन गोल कळ्यांसारखं सॉकेट असेल, ज्याला दुकानदार ‘मिकी माउस’ म्हणतात, तर तीच वायर ३० सेंटिमीटर लांबीची वेगळी मिळते. एम. जी. रोडला किंवा ऑनलाइन विचारा. घेताना वायरवर आयएसआय खूण आणि ०.७५ स्क्वेअर एमएम छापलंय का ते बघा. अर्थिंगची पिन काढून दोन पिनची करू नका. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला मग हात लावला की मुंग्या येतात.

लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल तर त्याच्याशेजारी प्लगचं किंवा बॅटरीचं चिन्ह आहे का बघा आणि मॅन्युअलही वाचा. तिथून चार्ज होत असेल तर ६५ वॉटचा गॅन चार्जर (गॅलियम नायट्राइडचा, तेवढ्याच वॉटला आकाराने छोटा) एकटाच लॅपटॉप आणि फोन दोन्हींचं काम करतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. दोन पोर्ट एकदम वापरले की वॉट वाटले जातात, बऱ्याच चार्जरांत ४५ आणि २० असे. आणि ३३ वॉटची फोनची जलद चार्जिंग अनेकदा कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीची असते, दुसऱ्या चार्जरवर फोन चार्ज होईल पण सावकाश.

उरलेलं सामान वर्तमानपत्रावर मांडा. खाली जड थर: अ‍ॅडॉप्टर, पॉवर बँक, हार्ड डिस्क. वर हलका थर: गुंडाळलेल्या केबल्स, माउस, बारीकसारीक. पेनाने कड आखा आणि लांबी-रुंदी मोजा, प्रत्येक बाजूला दोन सेंटिमीटर वाढवा. उंचीसाठी दोन्ही थरांतल्या सर्वांत जाड वस्तूंची बेरीज अधिक एक सेंटिमीटर. तुमच्या यादीला साधारण २४ × १६ × ८ सेंटिमीटर, म्हणजे तीन लिटरच्या आसपास पाऊच लागेल. सॅकची रुंदीही मोजून घ्या. लॅपटॉप आत असताना पाऊच आडवा बसला पाहिजे, नाहीतर दर वेळी तो उभा कोंबला जातो आणि चेनवर ताण येतो.

देवळालीकर

वरचं मोजमापाचं पटलं. त्यात एकच जोड, उंची आठच्या वर जाऊ देऊ नका. दहा-बारा सेंटिमीटर खोल पाऊच म्हणजे पुन्हा छोटी सॅकच झाली, तळातली वस्तू शोधायला सगळं उपसावं लागतं.

आतली रचना बघताना इलॅस्टिकच्या पट्ट्या मोजत बसू नका. वीस पट्ट्या असलेला चपटा, पुस्तकासारखा उघडणारा पाऊच फोटोत सुरेख दिसतो, पण त्या पट्ट्या पेनड्राइव्ह आणि बारीक केबल्सपुरत्या. साडेतीनशे ग्रॅमची पॉवर बँक इलॅस्टिकमध्ये अडकवली की सहा महिन्यांत पट्टी ढिली पडते आणि पाऊच उघडताच बँक खाली येते. जड वस्तूंना तळाशी उघडा कप्पा हवा, मधला पडदा थोडा जाड फोमचा हवा. बाजूंना दोन जाळीचे खिसे, एक चेनवाला छोटा खिसा, पाच-सहा इलॅस्टिकच्या पट्ट्या, एवढं पुरे. पेटीसारखा वरून उघडणारा आणि टेबलावर स्वतः उभा राहणारा प्रकार तुमच्या सामानाला सर्वांत योग्य. गाडीत मांडीवर ठेवून एका हाताने वस्तू काढता येते. पुस्तकासारखा उघडणाऱ्याला दोन्ही बाजू पसरायला दुप्पट जागा लागते, ती पंचवटीत शेजारच्याच्या मांडीवर जाते.

अस्तर फिकट रंगाचं घ्या. काळ्या अस्तरावर काळी केबल दिसत नाही.

कडक खोक्याबद्दल. ईव्हीए फोमचं कवच हार्ड डिस्कला दाब आणि धक्क्यापासून चांगलं वाचवतं. पण रिकामं असलं तरी तेवढीच जागा अडवतं आणि चौकोनी नसलेल्या वस्तूंभोवती पोकळी वाया जाते. म्हणून फक्त हार्ड डिस्कला छोटं कडक कव्हर आणि बाकी सगळं मऊ पाऊचमध्ये, असा मेळ घाला. डिस्कबाबत आणखी एक. लॅपटॉपमधून ‘इजेक्ट’ करून केबल काढल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबा, आतली तबकडी पूर्ण थांबू द्या, मगच पाऊचमध्ये टाका. फिरत्या तबकडीला बसलेला झटका तिला सर्वांत घातक.

मुंबईनाका_७७

विमानाचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच न्यायची. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते: १०० पर्यंत सरळ चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. हिशोब सोपा आहे. एमएएच गुणिले ३.७ भागिले १०००. तुमची २०,००० वाली ७४ वॉट-अवर, म्हणजे आत. ३०,००० वाली १११ होते, ती परवानगीशिवाय नको. बँकेवरची छपाई झिजून वाचता येत नसेल तर तपासणीत अडवू शकतात. त्या अक्षरांवर आताच पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा.

सुरक्षा तपासणीत लॅपटॉप आणि पॉवर बँक ट्रेमध्ये बाहेर काढायला सांगतात, अनेकदा चार्जरही. म्हणून पाऊच सॅकच्या वरच्या कप्प्यात, एका ओढीत निघेल असा ठेवा आणि पॉवर बँक पाऊचच्याही बाहेरच्या खिशात. छोटी कात्री, स्क्रूड्रायव्हर असल्या गोष्टी त्यात टाकू नका.

पॉवर बँकेच्या खिशात किल्ल्या, सुटे पैसे नकोत. पोर्टमध्ये धातूचा कण गेला की आतल्या पिना खराब होतात. पाऊच बंद ठेवून आतल्या आत फोन चार्ज करायचा मोह टाळा. बँक आणि फोन दोन्ही गरम होतात आणि फोममधून उष्णता बाहेर जात नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत पाऊच ठेवून जाऊ नका, लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेने सर्वांत लवकर घटतं. बँक फुगलेली दिसली, कडा उघडल्यासारख्या वाटल्या, तर ती प्रवासातून लगेच बाद करा.

गंगापूररोडकर

खूप उपयोगी माहिती, मनापासून धन्यवाद. लॅपटॉपचं मॅन्युअल वाचलं, टाइप-सीवर चार्जिंग होतं. म्हणजे गोल पिनवाला अ‍ॅडॉप्टर घरी ठेवता येईल. मग केबल कोणती घ्यावी? आणि गुंडाळायची कशी, कारण जुन्या दोन केबल्स कनेक्टरपाशीच तुटल्या आहेत. कापड आणि चेनबद्दलही कोणी सांगा.

पंचवटी_वायरिंग

केबल आधी. साधी टाइप-सी ते टाइप-सी केबल ३ अँपिअरची असते, २० व्होल्टला ६० वॉट होतात. त्यावर जाणाऱ्या केबलच्या कनेक्टरमध्ये ओळख सांगणारी छोटी चिप असते, अशा केबल्सवर १०० किंवा २४० वॉट लिहिलेलं असतं. ६५ वॉटच्या चार्जरला ६० ची केबल लावली तर काही बिघडत नाही, चार्जर स्वतःच ६० वर थांबतो. पण नवीन घेतच असाल तर १०० किंवा २४० ची घ्या. वॉट जास्त म्हणजे डेटाही जलद, असं मात्र नाही. चार्जिंगच्या बहुतेक केबल्समधून डेटा यूएसबी २ च्याच गतीने जातो. म्हणून डिस्कची तिची स्वतःची केबल वेगळी ठेवा आणि टोकाला कागदी चिकटपट्टीवर ‘डिस्क’, ‘१०० वॉट’ असं लिहा. पाऊचमध्ये सगळ्या केबल्स एकसारख्या दिसतात.

लांबी एक मीटर. दोन मीटरची केबल पाऊचमध्ये दुप्पट जागा खाते, पण हॉटेलात पॉइंट पलंगामागे असेल तर तीच कामाला येते. तेव्हा एक मीटरची रोजची, दोन मीटरची फक्त मुक्कामाला.

केबल कनेक्टरपाशी तुटते कारण आपण ती चार्जरभोवती आवळून गुंडाळतो. चार्जरच्या कडेवर तांब्याच्या बारीक तारांना एकाच ठिकाणी दर वेळी तोच वाक बसतो आणि एकेक तार तुटत जाते. उपाय असा. केबल चार्जरपासून सोडवा. हातात आठ-दहा सेंटिमीटरचं सैल वेटोळं घ्या. पहिला वेढा सरळ, दुसरा वेढा मनगट आत वळवून उलट्या बाजूने, तिसरा पुन्हा सरळ. असं आलटून-पालटून केलं की पीळ जमत नाही आणि उघडताना गाठ पडत नाही. दोन्ही टोकं तीन-चार सेंटिमीटर मोकळी राहू द्या, वेल्क्रोची पट्टी वेटोळ्याच्या मध्यावर बांधा, कनेक्टरजवळ नको. पट्टी एक सेंटिमीटर रुंद, पंधरा लांब पुरते. रबरबँड वापरू नका. उन्हाळ्यात ते वितळल्यासारखे होऊन केबलला चिकटतात, नंतर कडक होऊन तुटतात.

रेल्वेच्या डब्यातलं चार्जिंग सॉकेट बहुधा ११० व्होल्टचं असतं. चार्जरवर ‘इनपुट १००-२४०’ छापलेलं असेल तर चिंता नाही. पण ती सॉकेटं सैल असतात, गॅन चार्जरसारखा जड ठोकळा वजनानेच निसटतो. त्यावर उपाय म्हणून अर्ध्या मीटरची छोटी एक्स्टेंशन घेतात, पण तुमच्या पाऊचमध्ये तिला जागा नाही. गाडीत पॉवर बँकेवरच भागवा.

कापड आणि चेन. कापडापेक्षा चेन आधी जाते, म्हणून तिथे पैसे घाला. ५ नंबरची नायलॉन चेन हवी, दात मिटल्यावर पाच-सहा मिलिमीटर रुंद दिसते. ३ नंबरची बारीक चेन ठासून भरलेल्या पाऊचला टिकत नाही. धातूच्या दातांची चेन लॅपटॉपला ओरखडे पाडते. दुकानात पाऊच थोडा भरून रनर कोपऱ्यावरून पाच-सहा वेळा फिरवा, अडखळला तर ठेवून द्या. मग पाऊच आतून उलटा करून बघा. शिवणीवर पट्टी लावलेली असावी, कापडाचे धागे मोकळे लोंबत असतील तर तिथूनच उसवेल. उचलायचा पट्टा जिथे शिवलाय तिथे आडवी दाट शिवण हवी, भरलेला पाऊच सहज किलोभर होतो.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलं तरी पाणी शिवणीच्या छिद्रांतून आणि चेनमधून येतं. ६०० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर, आतून कोटिंग केलेलं, स्टेशनावरून रिक्षापर्यंतच्या सरीला पुरतं. इगतपुरी-कसाऱ्याच्या पावसात खिडकीशी बसणार असाल तर डिस्क आणि पॉवर बँक जाड झिपलॉक पिशवीत घालून मग पाऊचमध्ये. ओला झालेला पाऊच बंद करून कपाटात ठेवू नका, आतलं कोटिंग काही वर्षांत चिकट होऊन सुटायला लागतं. उघडा करून पंख्याखाली सुकवा, उन्हात नको.

देवळालीकर

अ‍ॅडॉप्टर गेला म्हणजे मोजमाप बदललं. आता तीन लिटरचा घेऊ नका. मोकळी जागा राहिली की सामान आत हलतं आणि तुम्ही त्यात काहीतरी भरत राहता. २१ × १३ × ७ च्या आसपास, दोन लिटरच्या आतला बघा. हजाराच्या आत ५ नंबरची चेन असलेला मिळायला हरकत नाही.

अंबड_सर्किट

बरोबर. गॅन चार्जर आधी हातात येऊ द्या आणि वर्तमानपत्रावर पुन्हा मांडा. तीन पोर्टचे काही चार्जर लांबट असतात, काही चौकोनी, त्याने अर्धा-एक सेंटिमीटर फरक पडतो. भारतीय पिनांचाच घ्या. परदेशी पिनांवर कन्व्हर्टर लावला की रेल्वेच्या सॉकेटमध्ये तो मुळीच टिकत नाही.

मांडणी अशी करा: तळाशी चार्जर आणि कव्हरमधली डिस्क, पडद्यापलीकडे माउस, जाळीच्या एका खिशात १०० वॉटची केबल, दुसऱ्यात डिस्कची केबल आणि इअरफोन, चेनवाल्या खिशात पेनड्राइव्ह आणि ते मायक्रो कनेक्टर, बाहेरच्या खिशात पॉवर बँक.