टाचेचं हाड वाढलंय, मदत हवी आहे (इंदूर)

रामबागकर: एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं दिसतंय. गोळ्या घेतल्या की बरं, बंद केल्या की पुन्हा तेच. ऑपरेशन करून ते काढता येतं ना? इंदुरात कोण करतं? लवकर सांगा, गौरी-गणपती तोंडावर आलेत.

मीनल: कोणाला त्रास आहे? वय? तळव्याकडे दुखतं की मागे, शिरेपाशी?

माळवी_माणूस: ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका हो. रुईचं पान तेल लावून गरम करून बांधा. आमच्या साडूंना गुण आला.

फिजिओ_बडोदा: शुगर आहे का ते आधी सांगा. पायाची संवेदना कमी असली तर भाजलेलं कळत नाही.

रामबागकर: आईला. साठीच्या पुढे, शुगर आहे. तळव्याकडे दुखतं. सकाळी उठली की भिंत धरून ओट्यापर्यंत जाते, मग पाय मोकळा होतो. दुपारी पडून उठली की परत कळ.

फिजिओ_बडोदा: मग पान, शेक काही नको. टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. बहुतेक वेळा दुखतो तो, हाड नव्हे. असं हाड काहीही न दुखणाऱ्यांच्या एक्सरेतही दिसतं, म्हणून ते कापायची गरज क्वचितच पडते. पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून धरायची, वीस-तीस सेकंद, तीन-चारदा. भिंतीला हात टेकून पोटरीही ताणायची. वेळ लागतो, पण बहुतेकांना वर्षभराच्या आत आराम पडतो. आणि दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू ठेवू नका, किडनीला धोका असतो.

पलासिया_७: एक इंजेक्शन घ्या, मोकळे व्हा. मी घेतलंय.

फिजिओ_बडोदा: स्टिरॉइडने शुगर वाढते, वारंवार घेतलं तर पट्टा फाटूही शकतो. आराम पडतो, पण बऱ्याचदा तात्पुरता.

माळवी_माणूस: रीजनल पार्कात गवतावर अनवाणी चालवा त्यांना.

मीनल: अहो, अनवाणीच तर नको! रामबागकर, घरात कोटा फरशी आहे का?

रामबागकर: आहे. पण आई घरात चपला घालत नाही. स्वयंपाकघरातच देव आहेत.

पलासिया_७: माझा गुडघा वाजतो, त्यावर कोणी सांगेल का?

मीनल: वेगळा धागा काढा. रामबागकर, माझ्या सासूबाईंचंही हेच होतं. बाहेर कधीच न गेलेली नवी जोडी आणली, मऊ टाचेची, तेव्हा घालायला लागल्या. पूजेपुरती काढतात. ओट्यापुढे जाड चटई टाका. पुरणपोळ्या यंदा बसून लाटू देत, किंवा तुम्ही लाटा.

रामबागकर: चपला आजच आणतो. सिलिकॉनची टाच मेडिकलवर मिळते का?

फिजिओ_बडोदा: मिळते. दोन्ही पायांत घाला. शुगर आहे, तर रोज रात्री तळवे बघा, कुठे लाल झालंय का.