तुलनेसाठी एका वस्तीला नुसतं मोजत ठेवायचं, हे बरोबर आहे का? (तिघांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

नाल्याकाठचा

नागपुरात रक्तदाबाच्या एका अभ्यासात मी दीड वर्ष फील्डवर होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण ही पद्धत सगळीकडचीच आहे. काही वस्त्यांत दर आठवड्याला ताईंची भेट, मिठाबद्दल सल्ला, गोळ्या घरपोच. उरलेल्या वस्त्यांत फक्त मोजणी. माझ्या वाट्याला मोजणीची वस्ती आली. दार वाजवायचं, दंडाला पट्टा बांधायचा, आकडा टॅबवर भरायचा आणि जास्त निघाला तर चिठ्ठी देऊन "मेडिकलला दाखवा", म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, म्हणायचं.

एका मावशींचा १७० वर १०० निघाला. सहा महिन्यांनी गेलो तर माझीच चिठ्ठी देव्हाऱ्यामागे घडी करून ठेवलेली. म्हणाल्या, "मेडिकलले गेली तर रोजी बुडते ना भाऊ. नाल्यापल्याड गोळ्या घरी येऊन राहिल्या, आन् तू आमच्याकडे नुसता पट्टा बांधून जातो."

मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. रोज गोळी घेतली तर रक्तदाब उतरतो हे काही नव्याने सिद्ध करायचं नाही. मग तुलना गट कशाला? आधी किती होता, नंतर किती झाला, एवढं मोजा आणि सेवा सगळ्यांना द्या.

आकडेमोड

मावशींना जे मिळालं नाही त्याचं समर्थन मी करणार नाही. पण "आधी-नंतर" पुरे, हे मान्य नाही, आणि नागपुरात तर अजिबातच नाही.

समजा पहिली मोजणी डिसेंबरात झाली आणि शेवटची मे महिन्यात. उन्हाळ्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, रक्तदाब उतरतो. पारा ४५ ला टेकला की आपण काहीही केलं नाही तरी आकडे खाली येणार, आणि आपण अहवालात लिहिणार की सल्ला लागू पडला. दुसरी गोष्ट, त्या दिवशी ज्यांचा जास्त निघाला त्यांनाच निवडलं, तर त्यांतल्या बऱ्याच जणांचा पुढच्या खेपेला आपोआप कमी भरतो. तुलनेची वस्ती नसेल तर हे दोन्ही कळायला मार्गच नाही.

प्रश्न गोळी चालते का, हा नसतोच. ताईंच्या आठवड्याच्या भेटीने माणूस गोळी चालू ठेवतो का, आणि सरकारने त्यावर पैसे घालावेत का, हा असतो. आपल्या शेजारचंच बघा. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांत हजार जन्मांमागे साठच्या आसपास बाळं दगावत होती, सेवेच्या गावांत साधारण पंचवीस. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशा घरी जाऊन बाळ तपासू लागल्या. ती ४७ गावं नसती तर दिल्लीत कोणी ऐकलं असतं का?

काही फरक तर डोळ्यांना दिसतच नाहीत. पहिलटकरणींना अॅस्पिरिनची छोटी गोळी देण्याच्या चाचणीत सहा देशांतल्या जवळपास बारा हजार बाया होत्या, नागपूरही त्यात होतं. २०२० मध्ये निकाल आला: अकाली प्रसूती तुलनेच्या गटात १३.१ टक्के, अॅस्पिरिनच्या गटात ११.६. शंभरात दीड बाई! गटांची तुलना केल्याशिवाय हे कोणत्याही अनुभवी डॉक्टरला सांगता आलं नसतं.

नाल्याकाठचा

उन्हाळ्याचा मुद्दा पटला, याचा मी विचारच केला नव्हता. पण गडचिरोलीचं उदाहरण तुमच्यावर उलटतं. तिथे मुळात चिठ्ठ्या टाकून गावं वाटली नव्हती, आणि काम करणारी माणसं तिथेच राहिली. आमच्याकडे प्रकल्प संपला, टॅब जमा झाले, ऑफिसला कुलूप लागलं. मावशींच्या वस्तीत निकाल सांगायलाही कोणी गेलं नाही. तुलनेत ठेवायचं तर नंतर सेवा द्यायचा शब्द आधी लेखी द्या, आणि त्याचे पैसे पहिल्या दिवशी बाजूला काढा.

आकडेमोड

हे शंभर टक्के मान्य. पाळीपाळीनेही देता येतं: सगळ्या वस्त्यांना सेवा मिळणार, कोणाला आधी आणि कोणाला नंतर एवढंच चिठ्ठी टाकून ठरवायचं. फक्त ऋतू आड येतो म्हणून वस्त्या जास्त लागतात आणि हिशोब किचकट होतो. खर्च वाढतो. वाढू द्यावा, असं माझं मत आहे.

आशाताई, कामठी रोड

तुम्ही दोघं वाटणीवर भांडून राहिले. वाटायचं काय, ते कोणी ठरवलं?

आमच्याकडे अशाच एका कामात मिठाचा चमचा दिला होता, दिवसभराच्या भाजीत एवढंच घाला म्हणून. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, हे मलाही पाठ आहे. पण मीठ भाजीत किती जातं? उन्हाळ्यात पापड, कुरडया, सांडगे झाले की डबे भरतात, आंब्याच्या लोणच्याची बरणी वर्षभर चालते. रोजीवर जाणाऱ्या बाईच्या डब्यात दोन पोळ्या आणि लोणच्याची फोड असते, भाजी रोज नसते. तुमच्या कागदावर लोणचं-पापड विचारायला रकानाच नव्हता. तो चमचा बायांनी साखरेच्या डब्यात टाकला.

आणि सर्व्हेवाले यायचे सकाळी अकराला. त्या वेळेला घरी कोण असते? म्हातारे आणि लेकरं. बीपीवाले पुरुष कामावर. मी मीटिंगमध्ये दोनदा म्हटलं की संध्याकाळी सातला या. म्हणाले, डिझाइन मंजूर झालं, आता बदलता येत नाही.

आकडेमोड

ताई, हे माझ्याकडे लागलं. मधेच बदललं तर मोजणी बिघडते, हे खरं आहे. म्हणूनच मंजुरीच्या आधी दोन महिने एखाद्या वस्तीत फक्त बसायला हवं. ते दोन महिने सगळ्यात आधी कापले जातात, मीही कापले आहेत.

नाल्याकाठचा

त्या दोन महिन्यांत तुलनेच्या वस्तीतली माणसंही बसवा. कोणाला आधी, कोणाला नंतर, ही चिठ्ठी त्यांच्यासमोर उचला. मावशींना नाल्यापल्याडचं कळलं ते शेजारणीकडून. आम्ही सांगितलंच नव्हतं.

आशाताई, कामठी रोड

हे करा. आणि पट्टा बांधायच्या आधी पाच मिनिटं बसू द्या बाईला. ती नळावरून दोन गुंड पाणी घेऊन आलेली असते.