बडोद्याहून धोलावीरा: काय बघायचं, कसं जायचं?

रावपुरेकर: कच्छमधल्या धोलावीराला, सिंधू संस्कृतीच्या जुन्या शहराचे अवशेष बघायला, डिसेंबरमध्ये चौघं जाणार आहोत, आई सत्तरीच्या पुढच्या. रेल्वे बरी की घरची गाडी? "नुसते दगडच तर आहेत" असं होऊ नये म्हणून सुरुवात कुठून करावी? आणि ज्या दोन नद्यांमध्ये शहर वसलं म्हणतात, त्या दिसतात का? जमलं तर याच संस्कृतीतलं, घग्गर नदीकाठचं कालीबंगाही याच फेरीत उरकावं म्हणतोय.

खडीर_बेट: रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. आई बरोबर असतील तर रात्रीची भूजची गाडी धरा, पहाटे सामखियाळीला उतरा. तिथून रापरमार्गे अंदाजे दीडशे किलोमीटर. मात्र कार आधीच ठरवून ठेवा, त्या वेळी स्टेशनबाहेर वाहन मिळेलच असं नाही. डिझेल रापरलाच भरून घ्यायचं. परतताना खावडामार्गे भूज गाठलंत तर रणाच्या (मिठाच्या वाळवंटाच्या) मधोमध जाणारा रस्ता लागतो, तोही बघून होतो.
मुक्काम धोलावीरालाच करा. अवशेषांत सावली नाही, त्यामुळे सकाळी उघडल्याबरोबर आत. शुक्रवार टाळा, म्युझियम बंद असतं.

पाणवठा: त्या दोन नद्या म्हणजे मनसर उत्तरेला, मनहर दक्षिणेला. दोन्ही पावसाळी, डिसेंबरात नुसती वाळू-गोटे. पण सगळं शहर त्यांच्याच जिवावर उभं होतं: ओढ्यांना बांध घालून पाणी वळवायचं आणि उतारावरच्या तलावांत एकामागून एक भरत न्यायचं. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जमीन सुमारे १३ मीटर उतरते, तो उतारच कामाला लावला.
म्हणून आधी बालेकिल्ल्यावर चढू नका. पूर्वेकडच्या तलावापासून सुरुवात करा. साधारण ७३ मीटर लांब, २९ रुंद, १० मीटरहून अधिक खोल. मोहेंजोदडोचं प्रसिद्ध स्नानगृह १२ बाय ७ मीटरचं, म्हणजे फरक लक्षात येईल. आईंना काठावरूनच दाखवा, पायऱ्या उंच आणि खडबडीत आहेत. मग दक्षिणेचे खडकात कोरलेले तलाव, शेवटी बालेकिल्ला. तिथल्या मोठ्या दगडी नाल्यांना बरेच गाईड गटार म्हणून मोकळे होतात. ते पावसाचं पाणी साठवणीकडे नेणारे नाले आहेत.
उत्तर दरवाजाशी दहा चिन्हांची पाटी सापडली होती. जिप्समचे तुकडे लाकडी फळीत बसवलेले, फळी कुजली, अक्षरं तशीच राहिली. लिपी अजून वाचता आलेली नाही. मूळ पाटी तिथे बघायला मिळेल या आशेवर मात्र जाऊ नका.

मिठाची_वाट: फोटोसाठी गाडी रणात उतरवू नका. वरचा पांढरा थर टणक दिसतो, पण खाली ओला काळा चिखल असतो. चाक फिरवाल तितकं आत जातं आणि तिथे ट्रॅक्टर मिळेपर्यंत दिवस जातो. पायी जायचं तर आधी टाचेने दाबून बघा.
कालीबंगाचा बेत सोडा. ते राजस्थानात, हनुमानगढ जिल्ह्यात, पीलीबंगाजवळ. तिथलं नांगरलेलं शेत, म्हणजे ३० सेंटिमीटरवर एक तास (नांगराची चरी) आणि त्याला आडवी १.९ मीटरवर दुसरी, फार महत्त्वाचं, पण जपणुकीसाठी पुन्हा मातीखाली घातलंय. वर उरतात विटा-मातीचे टेकाडवजा ढिगारे आणि म्युझियम. जायचंच तर बिकानेरची वेगळी सहल करून त्यात घाला.

रावपुरेकर: मग कालीबंगा रद्द. मंगळवार-बुधवार धरतो.