नवी चेन टाकली तरी घसरते? कॅसेट बघा

सायकलला नवी चेन टाकूनही जोर लावला की पॅडल घसरतं, असं तुम्ही म्हणताय. मला वाटतं, जुन्या ताणलेल्या चेनीने कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे, दात खाल्लेत. रोज वापरायच्या चकतीचे दात टोकदार होऊन एका बाजूला झुकले असतील तर कॅसेटही बदलाच.

यापुढे स्टीलची पट्टी हाताशी ठेवा. पिनपासून पिनपर्यंत 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. अर्धा सूत, म्हणजे 1/16 इंच वाढली की चेन काढायची. तेवढ्याने कॅसेट वाचते. आमच्या बडोद्यात सिंधरोटहून आलं की चेनीवर मही नदीकाठची बारीक रेती बसते, चिमटीत धरली तर कचकचते. म्हणून मी आधी फडक्याने पुसतो, मगच प्रत्येक कडीला एक थेंब तेल. वरचं जास्तीचं तेल पुसायला मात्र विसरू नका, रेती त्यालाच चिकटते.