बुधवारची प्रार्थना चर्चमध्ये की वाडीवार घरांत? विरोधातली मतंही हवीत

खाडीकाठचा पाळक

सर्वांना सलाम.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या लहान मंडळीचा मी पाळक. लहान म्हणजे वहीत ३१ घरं, त्यातली ९ कुलूपबंद, रविवारी उपासनेला चाळीसेक माणसं. नाताळात आणि मे महिन्यात मुंबईकर आले की बाकं पुरत नाहीत, शेजारच्या शाळेतून खुर्च्या आणतो. जून उजाडला की पुन्हा तेच चाळीस.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. बाजारात बांगड्याचा वाटा घेत होतो. कोळीणबाई पिशवीत मासे टाकता टाकता म्हणाली, "तुमचे ते सड्यावरचे काका आले ना दवाखान्यातून? पाय वाचला म्हणे." मला काहीच माहीत नव्हतं. काकांची चर्चमधली जागा ठरलेली आहे, डावीकडच्या खिडकीजवळची. तिथे पावसाची झड येते म्हणून दुसरं कोणी बसत नाही. ती जागा तीन रविवार रिकामी होती. त्यातल्या एका रविवारी मी गलतीकरांच्या पत्रातल्या 'एकमेकांची ओझी वाहा' या वचनावर पाऊण तास बोललो होतो, आणि बोलताना माझी नजर त्याच खिडकीकडे होती.

बांगडे घरी टाकून सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळपठारावर, गेलो. काका पडवीत उशीवर पाय ठेवून बसले होते. साखर वाढली, जखम चिघळली, आठ दिवस तालुक्याला ॲडमिट. म्हणाले, "पाळकसाहेब, बुधवारी प्रार्थनेला यायचं तर अख्खा सडा उतरायचा. परत जाताना काळोख, वस्तीची एसटी कधी येईल तेव्हा येईल. निरोप तरी कोणाबरोबर धाडणार?" रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उलट मलाच चहा पाजला.

तेव्हापासून डोक्यात आहे की बुधवारची चर्चमधली प्रार्थना बंद करावी आणि चार गट करावेत: सडा, बंदर, बाजारपेठ, खालची वाडी. कोणाच्या तरी घरी तासभर बसायचं. एक गीत, एक वचन, आणि उरलेला वेळ कोण कसं आहे हे विचारायचं. यात माझं डोकं फार नाही. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय काढा. यरुशलेममधले पहिले विश्वासू मंदिरातही जमत आणि घरोघरी भाकरीही मोडत. मेथडिस्ट पंथ काढणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांनी १७४२ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे गट पाडले, माणशी आठवड्याला एक पेनी. गटाचा प्रमुख वर्गणीसाठी घरोघर जाऊ लागला आणि कुठल्या घरात काय चाललंय ते कळायला लागलं. मेथडिस्टांचे ते नावाजलेले गट असे वर्गणीतून निघाले.

पंचांमध्ये दोन तट पडलेत. माझा कल तर कळलाच असेल. म्हणून विरोधातलं मत आधी ऐकायचंय.

जुना बाक

सलाम पाळकसाहेब. मागितलंत म्हणून देतो.

३१ घरांचे चार गट म्हणजे वाटणी. आपल्या कोकणात वाटणी म्हटलं की काय होतं ते मी सांगायला नको. एका फणसापायी तीन पिढ्या कोर्टात जाणारी माणसं आपण.

आमच्या मंडळीत हा प्रयोग होऊन गेलाय. पहिले सहा महिने छान चाललं. मग 'वरचे' आणि 'खालचे' झाले. नाताळच्या नाटकात पूर्वेकडचे तिन्ही ज्ञानी वरचे, खालच्यांच्या पोरांना मेंढरं. मेंढपाळसुद्धा नाही, मेंढरं! त्या वर्षी खालच्यांनी नाताळचं जेवण वेगळं केलं. पुढे पंचांच्या निवडणुकीत मतंही गटागटानं पडली.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्या गावात होडीचा मालक आणि त्याचा खलाशी एका बाकावर बसतात अशी जागा एकच, चर्च. प्रार्थना मालकाच्या घरी ठेवलीत की खलाशी पायरीवर बसणार. त्याला कोणी 'पायरीवर बस' म्हणणार नाही, तो आपणहून बसेल. आणि खलाशाच्या घरी ठेवलीत तर मालकाला त्या दिवशी नेमकं काम निघेल.

राग मानू नका, पण काकांची गोष्ट गटांची नाहीच. ती पाळकभेटीची आहे. आमच्या लहानपणीचे पाळक सायकल ढकलत सड्यावर यायचे. तुमच्याकडे स्कूटर असेल.

धाकटी सून

दोघांचंही वाचलं. घरात प्रार्थना म्हणजे कोणाच्या घरात, हे दोघं बोलताय. ती कोणाच्या स्वयंपाकघरातून होणार, हे कोणीच बोलत नाही.

आमच्याकडे घरप्रार्थना असते. सुरुवात चहा-बिस्किटांवर झाली. पुढच्या घरी पोहे. त्याच्या पुढे घावणे आणि कोंबडीचा रस्सा. मग ज्या घरात चहाला दूध मोजून येतं तिची पाळी आली की 'आमच्याकडे पाहुणे आहेत'. ती बाई हळूहळू यायचीच बंद झाली. मीही डोळे मिटते तेव्हा अर्धा कान गॅसवरच्या दुधाकडे असतो.

आणि प्रार्थनेचे विषय! "अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, नाव घेत नाही." नाव न घेता तिची नोकरी, तिचा फोन, स्टँडवर कोणासोबत दिसली, सगळं सांगून होतं. मग आमेन. चर्चमध्ये निदान मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणून माणूस जपून बोलतो.

खाजणातला

एक व्यवहाराची गोष्ट. दिवस कसे आहेत ते बघा. चर्चमध्ये गाणी म्हटली तर कोणी वळून बघत नाही. घरातून टाळ्या ऐकू आल्या की शेजारी विचारतो, आत काय चाललंय. गैरसमज नकोत. माझं मत चर्चच्या बाजूनं.

भजनीबुवा

मी हिंदू, पण विषय आमच्याही घरचा आहे म्हणून लिहितो. आमचं वाडीचं भजन मंडळ पखवाज कोणाच्या घरी ठेवायचा यावरून फुटलं. आता दोन मंडळं, दोन पखवाज, आणि दोन्हीकडे वाजवणारा एकच पोरगा. तेव्हा जुना बाक यांचं म्हणणं पटतं.

पण ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्या वाडीतले पत्रे पत्त्यांसारखे उडाले, माडापोफळी आडव्या, वीज कित्येक दिवस नाही. तेव्हा देवळाच्या सभामंडपात ख्रिस्ती दोन घरं आमच्याबरोबर राहिली. कोण कुठल्या घरात एकटं आहे, कोणाला गोळ्या लागतात, हे वाडीतल्या बायकांना तोंडपाठ होतं. यादी करावीच लागली नाही. ते ज्ञान अख्ख्या गावाच्या सभेत मिळत नाही, ते वाडीतच असतं.

खाजणातले भाऊ, घरात कशाला, खळ्यात बसा. येणाराजाणारा बघेल आणि पुढे जाईल.

लदीनकर

आमी मालवणचे कॅथलिक. तुमच्या मंडळीतले नाही, तरी तोंड घालतो.

वाडीतल्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, लदीन असते, सगळ्यांनी मिळून गाऊन म्हणायची प्रार्थना. मे महिन्यात तर जवळजवळ रोज कुठेतरी. एकजण पुढे म्हणतो, बाकीचे मागून ओढतात. जुने लॅटिन शब्द अर्ध्यांना कळत नाहीत. फादर असतातच असं नाही. शेवटी उकडलेले चणे मुठीमुठीनं वाटतात आणि वाटताना लक्षात येतं, एक मूठ उरली. कोण नाय इलो? दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्या घरी जाऊन येतं. पाळकसाहेब ज्याला गट म्हणतात ते आमच्या म्हाताऱ्यांनी चण्यांवर चालवलं.

आता आमच्याकडेही समूह झालेत. प्रमुख नेमला, वही आली, महिन्याचा अहवाल आला. अहवाल व्यवस्थित भरला जातो. कोण नाय इलो ते मात्र कोणी इचारीत नाय.

धाकट्या सूनबाई, चणे करा. कोणाला कमीजास्त वाटत नाही.

विरार लोकल

गावी आमचंही घर सड्यावरच आहे. आई एकटी, गुडघे गेलेले. चर्चला जायला-यायला रिक्षा दीडशे रुपये घेते, म्हणून ती दोन रविवारांतून एकदा जाते. बुधवारचं तर नावच नको. मी रात्री फोन करतो, ती म्हणते सगळं बरंय. बरं नव्हतं ते मला दहा दिवसांनी कळतं.

जुना बाक काका, मालक-खलाशाचं एकदम खरं. पण तुमच्या बाकापर्यंत आई पोचत नाही, तिचं काय?

अभंगवेडा

टिळकांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, करजगावला १८६१ साली जन्मले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, वर्षानुवर्षं मिशनचं काम केलं आणि १९१७ साली ते सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, येशूच्या मागे जाऊ पाहणारे सगळे एकत्र. चर्चच्या भिंतींत मावत नाही असं काहीतरी त्यांना तेव्हाच जाणवलं होतं. मी पाळकसाहेबांच्या बाजूनं.

जुना बाक

अभंगवेडा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. टिळकांचे अभंग मात्र आपण आजही म्हणतो. कुठे म्हणतो? चर्चमध्ये, याच बाकांवर बसून.

विरारचे भाऊ, तुमच्या आईसाठी माझ्याकडे उत्तर नाही. मंडळीनं रिक्षाचे पैसे द्यावेत, एवढंच सुचतं. चार गटांचा उपद्व्याप करण्यापेक्षा महिन्याचे सहाशे रुपये स्वस्त पडतील.

विरार लोकल

पैसे मीही देतो म्हटलं. ती घेत नाही. "देवाच्या दारात रिक्षानं काय जायचं," म्हणते. त्यापेक्षा कोणी घरी आलं तर तिला आवडतं. अंगण सारवून ठेवते.

खाडीकाठचा पाळक

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

जुना बाक, भेटींचं बोललात ते लागलं. डायरी काढून बघितली. जून ते सप्टेंबर सड्यावर मी दोनदा गेलोय, त्यातला एकदा अंत्यविधीला. स्कूटर आहे.

पण एक सांगतो. भेट दिली तरी पाळक हा पाळकच. मी गेलो की काका शर्ट घालतात, टीव्ही बंद करतात, बायबल पुढ्यात घेतात. शेजारचा गेला तर तो जखम उघडून दाखवायला सांगतो. तीन आठवडे चुकले ते माझे आहेतच, तरी तो शेजारचाही रविवारी माझ्यासमोरच बसला होता आणि त्यानंही मला सांगितलं नाही. मला माहीत असेल असं तो धरून चालला.

चार गटांचा बेत मागे घेतो. गट वाडीवार केले तर तट पडतात हे तुम्ही सांगितलंत, आणि मिसळून केले तर पुन्हा कोणीतरी काळोखात सडा चढणार. यातून माझ्याकडे वाट नाही. म्हणून सध्या एवढंच करतो: चर्चमधला बुधवार आहे तसाच राहील. सड्यावर शुक्रवारी काकांच्या पडवीत एक बैठक, दार उघडं, वही नाही, अहवाल नाही. खालच्या कोणालाही यायला मोकळीक. भातलावणीपर्यंत बघू. प्रार्थनेत ज्याचा विषय त्यानंच मांडायचा, दुसऱ्याचा मांडायचा नाही. आणि कोणाच्याही घरी कोरा चहाच.

जुना बाक

माझं मत बदललेलं नाही. एका पडवीनंच सुरुवात होते. तुम्ही लिहिलंत, मी ठेवून दिलंय, दोन वर्षांनी काढीन.

धाकटी सून

कोरा चहा ठीक. पण वीस कप कोण विसळणार, ते आत्ताच ठरवून टाका.