‘लूप’साठी मराठी शब्द : वलय, पाश की फेरा?

प्रश्न : होमोटोपी टाइप थिअरी (समानतेच्या सिद्धतांना बिंदूंमधल्या वाटा मानणारी गणिताची शाखा) या विषयावरील टिपण मराठीत आणताना ‘लूप स्पेस’पाशी अडलो आहे. एका बिंदूपासून निघून त्याच बिंदूशी परतणारी वाट, म्हणजेच ‘क = क’ या विधानाची एखादी सिद्धता, तिला तेथे लूप म्हणतात, आणि अशा सर्व लूपांच्या अवकाशाला लूप स्पेस. तूर्त ‘वलय-अवकाश’ लिहिले आहे. ते चालेल का?

उत्तर : ‘वलय’ टाळावे. बीजगणितात तो शब्द ‘रिंग’साठी योजला जातो आणि येथे विषय बीजगणिती क्रियांचाच असल्याने घोटाळा होईल. ‘पाश’ व ‘फास’ यांत अडकण्याचा भाव आहे, चालण्याचा नाही. मी ‘फेरा’ सुचवेन. एका फेऱ्यामागून दुसरा घालता येतो, तोच उलटाही घालता येतो आणि, थोडे ताणून, जागचे न हलणे हाही एक फेराच धरता येतो. म्हणजे जोडणी, व्यस्त आणि अविकारक हे तिन्ही शब्दाच्या अर्थातच सापडतात. ‘फेरी’ नको, कारण एसटीची फेरी परगावी जाऊन तिथेच संपू शकते.

शंकराची सोमसूत्री प्रदक्षिणा आठवावी. पन्हळीपर्यंत जायचे, ती न ओलांडता माघारी फिरायचे, उलट दिशेने पन्हळीच्या दुसऱ्या कडेपर्यंत जायचे आणि पुन्हा परतायचे. चालणे भरपूर झाले, तरी हा फेरा आक्रसत नेऊन जागी उभे राहण्याइतका करता येतो. मारुतीची पूर्ण प्रदक्षिणा, गाभारा मध्ये असल्याने, तशी मिटवता येत नाही. वर्तुळावरील फेरे पूर्णांकांनी मोजले जातात ते यामुळेच, आणि डॅन लिकाटा व मायकेल शुलमन या संशोधकांनी २०१३ मध्ये युनिव्हॅलन्सच्या (सममूल्य रचना समानच धरण्याच्या गृहीतकाच्या) आधारे या टाइप थिअरीत त्याची सिद्धता मांडली.

प्रतिप्रश्न : मग फेऱ्यांमधील फेऱ्याला, म्हणजे जागच्या फेऱ्यापासून निघून फेरे बदलत पुन्हा त्याच फेऱ्याशी परतणाऱ्या वाटेला, ‘दुहेरी फेरा’ म्हणावे का?

उत्तर : त्यातून दोनदा घातलेला फेरा असा अर्थ निघेल, ‘दुसऱ्या पातळीचा फेरा’ बरा. हा भेद सांभाळायलाच हवा, कारण पहिल्या पातळीवर साहचर्य मिळते (तेही दोन जोडण्यांना सांधणाऱ्या वरच्या वाटेच्या रूपात), पण इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या आकृतीवर क्रम बदलला की फेरा बदलतो. दुसऱ्या पातळीवर आडवी आणि उभी अशा दोन जोडण्या असतात. मोकळी जागा ठेवून फरशा सरकवाव्यात तसे दोन फेरे एकमेकांना वळसा घालून जागा बदलतात आणि क्रमनिरपेक्षता आपोआप येते. यालाच एकमान-हिल्टन युक्तिवाद म्हणतात. ‘साहचर्य’ आणि ‘क्रमनिरपेक्षता’ हे शब्द शालेय पुस्तकांतले आहेत, ते तसेच ठेवावेत. ‘फेरावकाश’ हा संधी मात्र कानाला खटकतो. त्याऐवजी सरळ ‘फेऱ्यांचा अवकाश’ लिहावे.